पीटचा उजवा पाय

"थ्रॉम्बोसिस आहे," डॉक्टर म्हणाले. पायाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली होती.

"सायकल कधी चालवता येईल?" पीटने विचारलं.

डॉक्टर त्याच्या पावलावर बोटं ठेवून नाडी शोधत राहिले.

पीट हॉलंडचा. साठ सालच्या सुमारास कुवेतच्या बंदरात गाळ काढणाऱ्या बोटीवर तो मेकॅनिक होता. मी हर्णैचा, तिथेच गोदामात कामाला. त्याचं तिथे कुणी नव्हतं, म्हणून कंपनीच्या साहेबांनी मला इस्पितळात त्याच्याजवळ बसवलं.

त्याआधी तो व्यावसायिक सायकलपटू होता. रस्त्यावरच्या लांब शर्यतींत जिंकणं हे त्याचं काम नव्हतं. संघाच्या म्होरक्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, पाण्याच्या बाटल्या आणायच्या, म्होरक्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. एकदाच, बेल्जियममध्ये भर पावसात पुढचे सगळे घसरून पडले आणि हा पहिला आला. पुढच्या वर्षी स्वतःच पडला, मांडीचं हाड मोडलं. संघाने पुन्हा करार केला नाही.

तरी दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो लांबच्या अहमदी शहरापर्यंत सायकल मारून यायचा. पुन्हा एखादा संघ घेईल, ही आशा.

उन्हाळ्यात चालताना त्याच्या पोटरीत गोळा यायला लागला. थांबलं की सुटायचा. "डॉक्टरला दाखव," मी म्हटलं. तो हसला. "दुखण्याकडे बघत बसणारा सायकलवाला उपाशी मरतो." मग एका दुपारी, बाहेर ऊन भाजत असताना, त्याचं पाऊल बर्फासारखं गार पडलं.

हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, सुरू झालं. आम्ही वाट पाहत बसलो. पायाची बोटं निळी झाली, मग काळी.

"गँगरीन," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "मांस मेलंय. मांडीतून पाय काढावा लागेल, नाहीतर विष अंगभर पसरेल."

"नाही," पीट म्हणाला.

ताप चढला. खोलीत वास भरला. त्याने माझं मनगट घट्ट धरलं. "युसूफ, टॅक्सी आण. मला इथून बाहेर काढ. पाय गेला तर माझ्याकडे उरलं काय?"

"टॅक्सी आणणार नाही," मी म्हणालो. त्याने तोंडावर शिव्या दिल्या. मी व्हरांड्यात जाऊन रडलो. दुआ मागायची होती, पण पायासाठी की जिवासाठी, तेच कळेना.

परत आलो तेव्हा तो थरथरत होता. "भीती वाटते," म्हणाला. "मरायची." मग म्हणाला, "डॉक्टरला बोलव."

पाय काढल्यावर शुद्ध आली तशी तो कळवळला, "पोटरीत गोळा आलाय, चोळ!" मी डॉक्टरांकडे पाहिलं.

"फँटम पेन," ते म्हणाले. "अवयव गेला तरी मेंदूला तो जाणवतो. वेदना खरी असते."

पीटचा उजवा पाय जिथे असायचा, तिथे सपाट चादरीवर मी हात फिरवू लागलो. तो चिडेल असं वाटलं. त्याने डोळे मिटले. "जरा खाली," म्हणाला.

पुढे तो कुबड्यांवर मायदेशी गेला. बरा झाला असं मी म्हणणार नाही, जगला. चालताना तुमची पोटरी धरत असेल, पाऊल गार लागत असेल, तर सोसत बसू नका. सोसणं म्हणजेच हिंमत, असं मीही मानत होतो. पण पीट वाचला तो "भीती वाटते" म्हणाला म्हणून. ते त्याने माझ्याजवळ बोलून दाखवलं, याबद्दल मी आजही त्याचा ऋणी आहे.