रिकाम्या बाटलीतला मेंदू

बाटलीत मेंदू नव्हताच. नुसतं आम्ल आणि पाणी. तरी कागदावर डोपामिन उमटलं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते रसायनांमार्फत. डोपामिन त्यातलंच एक. ते मोजायला आमच्या रत्नागिरीच्या लॅबमध्ये एचपीएलसी मशीन होतं. उंदराचा मेंदू आम्लात घोटायचा, गाळून मशीनमध्ये सोडायचा. प्रत्येक रसायन नळीतून आपापल्या ठरल्या वेळी बाहेर पडतं आणि कागदावर टेकडी काढतं. तिला आम्ही पीक म्हणतो. मेंदू न घालता केलेला नमुना म्हणजे ब्लँक. त्याची रेघ सपाटच यायला हवी.

दसऱ्यापासून ती सपाट येईना. नळी धुतली, काचसामान बदललं. पीक जागच्या जागी. वर रोज थोडं बुटकं व्हायचं, कोणीतरी हळूहळू निघून चालल्यासारखं. मी भुताखेतांना मानणारी बाई नाही, पण भर दुपारी त्या खोलीत एकटीला बसवेना.

आमचे उंदीर सांभाळायच्या त्या नाटे गावच्या सुलभाताई. त्या दारातूनच म्हणाल्या, "मॅडम, मारलेल्या उंदरांचा जीव गेला नाय अजून."

लॅबचे प्रमुख, आमचे सर, वैतागले होते. "उद्या उंदरांची नवी बॅच मारा. पहिल्यापासून करू."

"सर, प्रत्येक मेंदूचा अर्धा भाग फ्रीझरमध्ये आहे. बिघाड सापडला तर त्यावरच भागेल."

"सापडलाय का?"

"नाही."

"मग?"

सुलभाताईंनी ते ऐकलं. ती बॅच त्यांनी पिल्लांपासून वाढवलेली. त्या मशीनवरचा झेंडूचा वाळका हार काढायला लागल्या. "ह्या केळा काळा पडला. काढू काय?"

मी त्या केळ्याकडे बघतच राहिले. केळ्यात डोपामिन असतं, सालीत तर भरपूर. केळं काळं पडतं तेही बरंचसं त्याच्यामुळे. दसऱ्याला मशीनची पूजा झाल्यावर सरांनी केळी सोलून प्रसाद वाटला होता. प्रसादाचा हात कोणी धुवत नाही, डोक्याला पुसतात. त्याच हातानं त्यांनी मुहूर्त म्हणून आम्लाची नवी बाटली बनवली. आमचे सगळे ब्लँक त्या बाटलीतले. त्यात उतरलेलं डोपामिन रोज थोडं विरत होतं, म्हणून पीक बुटकं होत होतं.

ताजं आम्ल केलं. रेघ सपाट. मग त्यातल्याच थोड्या आम्लात केळ्याला लावलेलं बोट बुडवलं. पीक आलं, त्याच जागी. कारण कळलं होतं, तरी अंगावर काटा आलाच.

दोन्ही कागद सरांपुढे ठेवले.

"ती बाटली कोणी भरली होती?"

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं.

"फ्रीझरमधलेच घ्या," ते म्हणाले.

पिंजऱ्यातली बॅच वाचली. मी धावत जाऊन सुलभाताईंना सांगितलं.

"म्हणजे त्या कागदावर आपले उंदीर नव्हते?"

"नाही हो. केळं होतं."

त्या हसल्या नाहीत. "मग ते तेव्हाच गेले म्हणायचे."



पुढच्या दसऱ्याला मशीनपुढे नारळ ठेवला. तोही न फोडता.