सप्लायची शिट्टी

मुलीने मॉड्युलर सिंथसायझर जुळवायला घेतला, तेव्हा त्याचा पॉवर सप्लाय मी निवडणार हे मी परस्पर ठरवून टाकलं. आवाज काढणारे सुटे सुटे डबे वायरींनी जोडायचे आणि सगळ्यांना बारा व्होल्ट प्लस, बारा व्होल्ट मायनस द्यायचे. चाकणच्या कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनेल बांधण्यात माझं आयुष्य गेलं. मला कोण शिकवणार?

कुदळवाडीच्या भंगारवाल्याशी पाऊण तास भांडून, दोनदा तरातरा बाहेर पडून, जुन्या मशीनमधून काढलेले दोन सप्लाय आणले. एकापुढे एक जोडून मधून ग्राउंड काढला. मीटरवर चोख बारा-बारा. मुलीने हेडफोन माझ्या कानाला लावला. मागे एक बारीक शिट्टी वाजत होती, थांबायचं नाव नाही.

"बाबा, रविवारी लोकांसमोर वाजवायचंय मला. ही शिट्टी ऐकवू?"

आधी चिडलो, मग हेडफोन पुन्हा कानाला लावला. आम्ही जन्मभर सप्लायला मीटर लावला, कान कधी लावलाच नाही. कारखान्यात शेजारी प्रेस धडधडत असताना ऐकणार काय?

भंगारातले दोन्ही स्विचिंगचे, ते शिट्टी मारणारच; शिट्टी नको तर त्याही आधीच्या पद्धतीचा, तांब्याच्या तारेचे वेढे घातलेल्या ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय हवा. तो दोन दिवसांत हाताने गुंडाळून देणारा मला एकच माणूस ठाऊक होता: माझा जुना भागीदार. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक घेऊन तो वेगळा झाला, तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं.

चिंचवड गावठाणातल्या त्याच्या दुकानात शिरून काम सांगितलं.

"या शेठ. आधी भंगारातला लावून बघितला वाटतं?"

"तुला काय करायचंय? भाव सांग."

त्याने सांगितला.

"दरोडा घाल की सरळ!"

"मग जा परत कुदळवाडीला."

मी बसलो. त्याने वाइंडिंगचं तेच जुनं मशीन पुढे ओढलं. वेढे दाखवणारं काउंटर बंद, तेव्हासारखंच. भागीदारीत असताना आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो हँडल फिरवायचा आणि मी मोठ्याने वेढे मोजायचो. आकडा सुटू नये म्हणून चहा गार व्हायचा. दुपारी एका डब्यात दोघं जेवायचो आणि कोणाच्या बायकोची भाजी बरी यावर भांडायचो. तेवढंच भांडण होतं तेव्हा.

"मोज," तो म्हणाला.

मोजू लागलो. गिऱ्हाईक नेताना तोंडावर का नाही सांगितलंस, हा प्रश्न मी वाटभर घोकत आलो होतो. शंभराव्या वेढ्याला तो ओठांवर आला, दोनशेलाही आला. पण विचारला असता तर आकडा सुटला असता आणि कॉइल पुन्हा पहिल्यापासून. वॉर्निशचा तोच वास येत होता. मी मोजत राहिलो.

शनिवारी मुलीने नवा सप्लाय जोडला आणि आवाज पूर्ण वाढवून हेडफोन लावला. बराच वेळ ऐकलं आणि हसली.

"काहीच नाही, बाबा! काकांना फोन करून सांगा ना."

"तूच सांग," मी म्हणालो.