मधलं तिकीट

बॅगेचा कान धरून ती हातभर वर उचलायची, डोळे मिटायची आणि खाली ठेवता ठेवता निकाल द्यायची, “नऊ. दोन काढायला लागतील.” मी दुकानातल्या टांगायच्या काट्याला बॅग लावून बघायचो. पाव किलो इकडे की तिकडे, यापलीकडे तिची चूक मी कधी बघितली नाही.

पेणच्या स्टँडवर उतरून तुम्ही कधी बाजाराकडे वळला असाल, तर तिला बघितलं असणारच. माझ्या तिकिटांच्या दुकानाच्या पायरीवर टोपली घेऊन बसलेली बाई. टोपलीत कडवे वाल, मोड काढून सोललेलं बिरडं आणि तांदळाचे पापड. गागोद्याच्या बाजूच्या एका वाडीतून सकाळच्या पहिल्या एसटीने ती यायची. मी दुकान घेतलं तेव्हा ती आधीपासून तिथे होती. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “बस की दादा, जागा हाय भरपूर.” जणू गाळा मला तिनेच भाड्याने दिला होता.

मी तिला मावशी म्हणायचो. गिऱ्हाइकंही मावशीच म्हणायची.

विमान कंपनीने सामानाचे नवे नियम काढले, तेव्हा माझ्या दुकानात रोज एक तरी भांडण व्हायचं. नियम कंपनीचे, शिव्या मला. सगळ्यात स्वस्त तिकिटात आता फक्त हातातली एक पिशवी, तीही सात किलोची. मोठी बॅग न्यायची तर वरचं तिकीट घ्या, नाहीतर विमानतळावरच्या काउंटरवर दंड भरल्यासारखे पैसे भरा. रोह्याचे एक निवृत्त मास्तर मुलाकडे बंगळुरूला निघाले होते. त्यांनी चष्मा लावून सगळा नियम मोठ्याने वाचला आणि मला विचारलं, “म्हणजे मी जायचं आणि माझे कपडे इथेच राहायचे?” पायरीवरून मावशीच बोलली, “इमानाला काय बैल जुंपलेत काय रे दादा, वजनानं दमायला?” मास्तर हसले. तिकीट मात्र वरचंच काढून गेले.

एकदा एक नवरा-बायको गणपतीची मूर्ती घेऊन आले. मूर्ती वीतभर, पण खोका धरला की ती दुसरी पिशवी होत होती. नवरा तावातावाने म्हणाला, “देवाला काय सामानात धरतात का?” मावशीने खोका उघडायला लावला, मूर्ती बाहेर काढून बायकोच्या हातात दिली आणि म्हणाली, “मांडीवर घेऊन बस. मांडी तर तुझीच हाय ना? का तिचंपण तिकीट हाय?” ती बाई तशीच गेली म्हणे, आणि कोणी अडवलं नाही.

बॅगा हलक्या करायचं काम तिने आपण होऊन अंगावर घेतलं. पायरीवर बॅग उघडायची आणि कोणाच्या बापाला न विचारता वस्तू बाहेर काढायला लागायची. “डबा कशाला गो? डबा तिकडं मिळतो. पापड मिळतो काय?” स्टीलचे डबे बाहेर, पापड वर्तमानपत्रात. गेलेला माणूस परत येईपर्यंत डबा माझ्या माळ्यावर. माझं दुकान तिकिटांचं की भांड्यांचं, असं माझी बायको विचारायची.

हे सगळं दुसऱ्यांचं चाललं होतं तोवर गंमत होती. मग तिची स्वतःची वेळ आली.

तिला एकच मुलगी. जावई रोह्याला कंपनीत होता, त्याची बदली ओडिशाला झाली. मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत, पण मुलीला रक्तदाबाचा त्रास निघाला आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. मुलगी माहेरी येत नाही म्हटल्यावर मावशीने माहेरच तिकडे न्यायचं ठरवलं. दोन महिने ती बॅग भरत होती. वाल, अळीव, डिंक, बाळाला गुंडाळायला स्वतःच्या जुन्या लुगड्यांची मऊ फडकी. बाळंतिणीला शेक द्यायची मातीची शेगडीसुद्धा. मी म्हटलं, “मावशे, विमानात शेगडी बघून पोलीस धरतील.” तर म्हणाली, “निखारे तिकडं पेटवणार, आत्ता कुठं पेटवलेत?” शेवटी शेगडी मी काढायला लावली. त्यावरून ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

जायचं कधी, हे तिच्या मनात पक्कं होतं. “आठव्यात जायचं नाय. आठवा वाईट. नववा लागला की जाईन.” आपल्याकडे पोटुशीला आठव्या महिन्यात हलवत नाहीत, हे मलाही माहीत होतं. पण आईने मुलीकडे जायला काय हरकत? मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, “पोरीच्या घराचा उंबरा आठव्यात कोणी ओलांडू नये. माझी आय सांगायची.” वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मी तिला तिन्ही तिकिटं समजावून सांगितली. खालचं स्वस्त, पण हातातली पिशवी तेवढी. मधल्यात पंधरा किलोची बॅग, पण तारीख ठरली की ठरली, बदल नाही आणि पैसे परत नाहीत. वरच्यात दोन्ही होतं, पण त्याचा आकडा ऐकून तिने कानाला हात लावला.

“मधलं दे,” ती म्हणाली.

“तारीख बदलता येणार नाही हं, मावशे.”

“तारीख कशाला बदलंल? नववा का कोणासाठी थांबतो?”

मी मधलं तिकीट काढलं. भरलेली बॅग तिने माझ्याच दुकानात आणून ठेवली, कारण इथूनच गाडीने विमानतळावर जायचं होतं. तिने उचलून बघितली, डोळे मिटले आणि म्हणाली, “पंधराला थोडी कमी. बसतेय.” तिचा तो खुशीतला चेहरा मला आजही दिसतो.

ठरलेल्या तारखेला अजून सोळा दिवस होते. सकाळी पावणेबाराला जावयाचा फोन माझ्या मोबाइलवर आला, कारण मावशीच्या वाडीत रेंज नसायची म्हणून तिने माझा नंबर देऊन ठेवला होता. मुलीला दवाखान्यात नेलं होतं. रक्तदाब फार चढला होता, आणि बाळ लगेच काढायला लागणार होतं. “आईंना पाठवा,” तो म्हणाला. “ती सारखी आई आई करतेय.”

मावशी पायरीवर बिरडं सोलत होती. मी सांगितलं तशी ती उठून आत आली. हात ओलेच होते. “आजच्या इमानात बसव मला,” एवढंच म्हणाली.

आता पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो.

माझ्या समोरच्या कॉम्प्युटरवर संध्याकाळच्या विमानात एक जागा दिसत होती. एकच. ती घ्यायची आणि गाडी बोलवायची, एवढंच काम होतं. रात्री दहापर्यंत ती मुलीजवळ पोचली असती. पण माझ्यातला दुकानदार जागा झाला. मला वाटलं, तिचं पहिलं तिकीट फुकट जाईल, दोन महिने भरलेली बॅग मागे राहील. कंपनीला फोन करून तेच तिकीट आजचं करून घेऊ. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, ऐकतील.

मी फोन लावला. आधी बराच वेळ गाणं वाजलं. मग एक मुलगी आली, तिने नियम वाचून दाखवला. मी तिच्या वरच्याला बोलाव म्हटलं. परत गाणं. वरचा आला, त्यानेही तोच नियम वाचला. “सर, तुमच्या भाड्याच्या प्रकारात बदलाची सोय नाही.” मी ओरडलो, मग विनवणी केली, मग परत ओरडलो. मावशी काउंटरला धरून उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटत होतं, हा माझ्यासाठी भांडतोय. भांडतच होतो. चाळीस मिनिटं भांडलो. फोन आपटला आणि कॉम्प्युटरकडे बघितलं, तर ती जागा गेली होती.

“काय झाला रे दादा?”

“आज जागा नाही, मावशे. उद्या सकाळची मिळेल.”

ते त्या क्षणी खरं होतं. म्हणूनच ते बोलणं मला जमलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिला विमानतळावर सोडलं. हातात कापडी पिशवी, त्यात एक लुगडं आणि पुरचुंडीत थोडे अळीव. आत जाताना वळून म्हणाली, “पोर बरी झाली की बॅग कोणाबरोबर तरी पाठव.” ती आकाशात होती तेव्हा जावयाचा फोन आला. मुलगी पहाटे गेली होती. बाळ वाचलं होतं, मुलगी झाली होती. मी दुकानात बसून ते ऐकलं आणि दोन तास मला माहीत होतं, तिला नव्हतं. असे दोन तास वैऱ्यावरही येऊ नयेत.

दीड महिन्याने ती नातीला घेऊन परत आली. जावयाच्या घरी सांभाळायला कोणी नव्हतं. बॅग न्यायला ती दुकानात आली. बॅग उघडून फडकी तेवढी बाहेर काढली आणि तिथेच बाळाला नीट गुंडाळलं. वाल पुढच्या आठवड्यात पायरीवर विकायला ठेवले. अळीव कोणी बाळंतीण असेल तर दे, म्हणून माझ्याकडे ठेवून गेली. ते मी कोणाला दिले नाहीत. देववेना.

त्यानंतर ती अधूनमधून यायची, बाळाला टोपलीशेजारी निजवून. कोणी हळहळलं की एकच सांगायची, “आठव्यात गेली नाय मी. रीत धरून बसली. गेली असती तर पोरीला डोळ्यांनी बघितली असती.” बायका मान हलवायच्या. मी आत काउंटरमागे बसून तिकिटं छापायचो. तो दोष तिचा नव्हता, निदान सगळा तरी नव्हता, आणि हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता. एकदा मी धीर केला. म्हटलं, “मावशे, त्या दिवशी फोनवर…” तिने मला पुढे बोलूच दिलं नाही. “त्या दिवशी तू जेवलापण नायस. मला काय दिसत नव्हता?”

मी पुन्हा विषय काढला नाही. खरं सांगायचं तर, मला बरंच वाटलं.

आता पायरी रिकामी असते. मावशी गावात घरीच असते, गुडघे गेलेत, असं एसटीतून येणारी माणसं सांगतात. ती शेवटची आली तेव्हा नात चालायला लागली होती. आईसारखीच मोठ्या डोळ्यांची. दुकानात दोन गिऱ्हाइकं सामानाच्या नियमावरून माझ्याशी हुज्जत घालत होती. मावशीने पोरीला पुढे ढकललं आणि त्यांच्यादेखत म्हणाली, “हा तुझा मामा. ह्यानं माझ्यासाठी कंपनीशी भांडण केलान. दुसऱ्या दिवशी इमानात बसवलान, म्हणून तुझ्या आयचं तोंड तरी मला आगीआधी दिसलं. पाया पड त्याच्या.”

पोरगी वाकायला लागली. मी पाय मागे घेतले. म्हटलं, “भाचीने मामाच्या पाया पडायचं नसतं, मावशे. मामाने भाचीच्या पडायचं असतं.”

“व्हय की. इसरलीच मी,” ती म्हणाली.

मग मीच खाली बसलो आणि त्या पोरीच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ ठेवलं. गिऱ्हाइकं हुज्जत सोडून बघत राहिली. मावशी मात्र हसत होती. तिला वाटलं, दादा रीत पाळतोय.