पाचवा खेळ

फूटपट्टी वहीतल्या ओळीखाली ठेवायची, डाव्या हाताने दाबून धरायची आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने ती ओळ टाइप करायची. ओळ संपली की पट्टी खाली सरकवायची. सर अशा एकशे चाळीस ओळी टाइप करत. तेवढं झालं की मान वर करून म्हणत, "खेळण्यासारखे खेळ पाचच हायेत, बाई. बाकी समदी बोटांची कसरत."

तिसगावजवळच्या आमच्या हायस्कूलमध्ये सर गणित शिकवायचे आणि मी मराठी. वर्गात त्यांची भाषा पुस्तकासारखी शुद्ध असे, वर्गाबाहेर पाय पडला की गावची. फार वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून शाळेला एक घरगुती कॉम्प्युटर मिळाला होता. तुम्ही हल्ली पाहता तसा नव्हे. जाडजूड कीबोर्ड, सगळं यंत्र त्याच्याच पोटात, आणि पडदा म्हणून टीव्ही जोडायचा. प्रोग्रॅम साठवायला सोबत टेपरेकॉर्डर यायचा होता, तो आलाच नाही. त्यामुळे यंत्र बंद झालं की आतलं सगळं पुसलं जाई आणि पुढच्या वेळी वहीतून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. शाळेने ते भंगारात काढलं तेव्हा हेडमास्तरांना विचारून सरांनी ते घरी नेलं. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वैनींनी, त्याला उशीच्या अभ्र्यासारखी खोळ शिवली.

दोन तास टाइप करायचं आणि वीस मिनिटं खेळायचं, असा सगळा कारभार. मधे लाईट गेली की खेळ खलास. एकदा मी समोर असताना एकशे बत्तिसाव्या ओळीला लाईट गेली. माझाच जीव वरखाली झाला. सरांनी शांतपणे वही मिटली, "चला, बैलं सोडा," म्हणाले आणि ओट्यावर शेंगा फोडत बसले. मी चिडून म्हणाले, "सर, मोबाईलमध्ये हजार खेळ मिळतात फुकट."

"मिळत्यात की. पन त्यातला एक तरी तुमी आतून बघितलाय का?"

भाकरी थापणाऱ्या बाईला पीठ माहीत असतं, तशी सरांना त्यांच्या खेळाची ओळन् ओळ माहीत होती.

त्यांच्या पाच खेळांना त्यांनीच नावं दिली होती. 'चांद' म्हणजे चंद्रावर यान उतरवायचं, इंधन जपत. "करंजीच्या घाटात यष्टी उतरवायची, तसंच. ब्रेक लई दाबला की गेलं." मी त्यांची ती यष्टी सतरा वेळा आपटली. 'भिंत' म्हणजे चेंडूने विटा पाडायच्या. तो वैनींना आवडायचा आणि वैनी त्यात सरांना सहज हरवायच्या. 'आकडा' म्हणजे यंत्राच्या मनातला आकडा ओळखायचा. 'वाडा' म्हणजे शंभर खोल्यांतून बाहेर पडायची वाट शोधायची. हे चार खेळ ते आल्यागेल्या कुणालाही लावून देत. पाचवा खेळ होता 'गाव'. तो ते एकटेच खेळत.

इंग्रजी पुस्तिकेत राजा आणि धान्याचा कसलासा खेळ छापलेला होता. सरांनी त्यातला राजा काढून सरपंच बसवला, धान्याऐवजी पाणी घातलं. यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न येत. टँकर किती? छावणीत जनावरं किती? ऊसतोडीला घरं किती? गावात घरं चाळीस. दहा वर्षं गाव चालवायचं आणि कुणाला मरू द्यायचं नाही. दर वर्षाच्या शेवटी दोन आकडे येत : गावात मेले इतके, तोडीवर मेले इतके.

मी एकदा खुर्ची ओढून शेजारी बसले. पहिली तीन वर्षं झकास गेली. चौथ्या वर्षी पाऊस आलाच नाही. गावात मेले, एक. सरांनी स्वीच बंद केला.

"पुढच्या वेळी पडेल पाऊस," मी म्हणाले.

"न्हाई पडायचा. यंत्र चालू केलं की तेच आकडे येत्यात, त्याच क्रमानं. चौथं वरीस कोरडंच."

"मग त्यात खेळ कसला?"

"पाऊस म्हाईत असताना मानसाला काय करता येतंय, हाच खेळ."

मला कोडी सुटली नाहीत तर राहवत नाही. हा माझा जुनाच दोष आहे. मी म्हणाले, "सोप्पं आहे की. चौथ्या वर्षी चार घरं पाठवा तोडीला. पाणी पुरेल." सर तिथे दरवेळी शून्य टाकत होते, हे माझ्या लक्षात आलं होतं.

"तुमी बेलापूरची मान्सं. पाटाचं दार उघडलं की पानी," सर म्हणाले. माझं माहेर कालव्याच्या भागातलं, म्हणून एरवी हे ते चिडवायला म्हणत. त्या दिवशी त्यांचा चेहरा असा झाला की मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे वैनींनी मला सांगितलं.

मी या शाळेत येण्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. दसरा झाला होता. वस्तीवरची माणसं ऊसतोडीला निघत होती. तुम्ही या भागात राहिला असाल तर ते ट्रक पाहिले असतील. वर भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि पोरं. त्यातल्या एका घरची मुलगी दहावीला होती. गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ट्रकमध्ये सामान चढत असताना सर तिथे गेले आणि तिच्या बापाला म्हणाले, "यवढं एक वरीस ऱ्हावा. पोरीचं नुसकान करू नका. पान्याचं म्या बघतो, टँकर लागनार हायेत."

बाप कचरत होता. मुलीची आई म्हणाली, "सर म्हनत्यात तर ऱ्हाऊ." सामान खाली उतरलं.

टँकर लागले, पण ते पाणी विहिरीत ओतायचे आणि बायकांनी ते पोहऱ्याने शेंदायचं. फाल्गुनात एका दुपारी टँकर आला, एकच गर्दी झाली आणि मुलीची आई कठड्यावरून आत गेली. विहिरीत पाणी गुडघाभर होतं. खोल पाण्यात माणूस निदान तरलं असतं. दहावीच्या पेपराला मुलगी बसली नव्हती हे सांगायला नकोच. पुढच्या दसऱ्यानंतर ती आईच्या जागी बापासोबत ट्रकमध्ये चढली.

"तिच्या बापानं एक शबुद वाकडा काढला न्हाई," वैनी म्हणाल्या. "तुमचा काय दोस, असंच म्हनला. तवाधरनं हे असं हाय, बाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

तेव्हा मला तो शून्य कळला. ट्रक भरायच्या दिवसांत सर दरवर्षी रजा टाकत आणि दार लावून टाइप करत बसत, त्याचाही अर्थ लागला. घरं चाळीस का, तर त्या वस्तीत तेवढी होती. एकही घर बाहेर न पाठवता ती चाळीस घरं जगवता येतात का, हे त्यांना पाहायचं होतं. टँकर लवकर लावून, जनावरं आधी हलवून, पाणी मोजून मोजून. जगली तर 'राहा' म्हणणं चूक नव्हतं, करणीत कुठे तरी कमी पडलो, एवढंच. पण चौथ्या वर्षी एक मरायचंच. घर पाठवून बघायची मात्र त्यांची छाती होत नव्हती. पाठवलं आणि कुणीच मेलं नाही, तर?

मला त्यांचा रागही यायचा. एकशे चाळीस ओळींच्या खेळण्यात एका बाईच्या मरणाचा निवाडा शोधायचा, हा कुठला शहाणपणा? पण ज्याला कुणीच दोष देत नाही, त्याने जायचं तरी कुणाकडे?

निवृत्तीनंतर साखरेने त्यांचे डोळे नेले. गेल्या वर्षी अर्धांगवायूने उजवा हात गेला. मी रविवारी जाऊन बसायची. त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं की ते बातमीतल्या टक्केवारीच्या चुका काढायचे आणि तेवढ्यापुरते पहिल्यासारखे दिसायचे. श्रावणातल्या एका रविवारी म्हणाले, "बाई, आज वाचन नको. 'गाव' टाइप करा."

मी वही घेतली, पट्टी लावली. वही बघायची मला गरज होती, त्यांना नाही. कॉटवर पडल्या पडल्या ते माझ्या बोटांचा आवाज ऐकत होते. "एकशे दहावी वळ. कंस बंद केला न्हाई तुमी." बघते तर खरंच केला नव्हता. वैनी पदर तोंडाला लावून हसल्या. मलाही हसू आलं. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसत होतं.

खेळ सुरू झाला. पहिल्या तीन वर्षांचे आकडे सरांनी पाढे म्हणावेत तसे सांगितले. चौथं वर्ष आलं. टँकर सांगितले, जनावरं सांगितली. तोडीला घरं किती, हा प्रश्न आला. माझं बोट आधीच शून्यावर गेलं होतं.

"एक," सर म्हणाले.

मी वळून पाहिलं. त्यांचे न दिसणारे डोळे छताकडे होते. चांगला हात चादरीवर घट्ट मुठीत आवळलेला होता. वैनी दारातच थांबल्या. मी एक दाबलं.

पडद्यावर दोन ओळी आल्या. गावात मेले, शून्य. तोडीवर मेले, शून्य.

एवढंच करायचं होतं. एक घर जाऊ द्यायचं होतं. ट्रकमध्ये चढलेलं सामान खाली उतरवायचं नव्हतं. इतकी वर्षं सर ज्याला भीत होते ते उत्तर माझ्यासमोर पांढऱ्या अक्षरांत उभं होतं आणि ते वाचता येणारी त्या खोलीत मी एकटी होते.

"किती?" सरांनी विचारलं.

"गावात शून्य."

"आन् तोडीवर?"

मी आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलंय. चुकीच्या उत्तराला अर्धा गुणसुद्धा कधी दिला नाही.

"तोडीवर एक," मी म्हणाले.

"नीट बघा."

"बघितलं. एक."

त्यांनी श्वास सोडला. मूठ हळूहळू उघडली. "म्हंजी गेली असती तरी..." एवढंच म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे गेलं. मग म्हणाले, "बंद करा, बाई. फुडची वर्षं नगंत."

पोरं उत्तराची पडताळणी विसरली की हा माणूस खडू फेकून मारायचा. त्या दिवशी त्याने ना पडताळणी मागितली, ना पुन्हा कधी 'गाव' टाइप करायला सांगितलं. त्यांना कळलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. वैनी सांगतात, त्या रात्रीपासून त्यांना झोप लागायला लागली.

दसऱ्याच्या आधी ते गेले. खूप माणसं आली होती. जुने विद्यार्थी, शिक्षक, वस्तीवरचे लोक. सगळं आटोपल्यावर मी चपला शोधत होते, तर एक वाकलेला म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी ओळखलं नाही. त्याने मुलीचं नाव सांगितलं तेव्हा लक्षात आलं. तो तिचा बाप होता.

"सरांनी मागल्या म्हैन्यात बोलावनं धाडलं हुतं मला," तो म्हणाला. "म्हनले, मशिनमधी बघितलं. तुमी तोडीला गेला असता तरी ती गेलीच असती. मशिन तुमीच चालवलं, असं म्हनले."

मी चपला शोधायची थांबले.

"सर ऱ्हावा म्हनले, पन हो तर मीच म्हनलो ना, बाई. सामान माज्या हातानं उतरवलं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "खरं हाय का ते?"

शेजारून लोक बाहेर पडत होते, कुणीतरी माझी चप्पल पायाने पुढे सरकवून दिली.

"खरं आहे," मी म्हणाले. "मी दोनदा बघितलं."

त्याने टोपी काढली, तिच्या घडीवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

"मंग बरं," तो म्हणाला आणि वस्तीच्या वाटेला लागला.