पावती आमची, देखरेख भालेरावची

सरकारी नोकरीत पगार काही साठत नाही, साठतात ते किस्से! आणि रिटायर झाल्यावर तर त्यांना नुसता ऊत येतो. आम्ही जुनी मंडळी अधूनमधून अंबरनाथ स्टेशनबाहेर मिसळ खायला जमतो. तर्री येईपर्यंत ब्लडप्रेशर, गुडघे, सुना, सगळं बोलून होतं. मग कुणीतरी म्हणतंच, "पाटकरबाई, तो सोफ्याचा सांगा ना!" मी सांगते. सगळे पोट धरून हसतात. आणि हसून झालं की टेबल एकदम गप्प होतं, कारण आमच्या प्रत्येक किश्शात भालेराव असतो आणि मिसळीला तो नसतो.

आधी ऑफिस समजून घ्या. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. राज्य सरकारच्या मनात आलं की किरणोत्सर्गी कचरा घेऊन जी गाडी आपल्या हद्दीतून जाईल, तिच्याकडून फी घ्यायची आणि त्या फीच्या बदल्यात तिच्यावर देखरेख ठेवायची. कचरा म्हणजे काही अणुबॉम्ब नव्हे हो! पेट्रोमॅक्सच्या बत्तीचे मॅन्टल बनवणाऱ्या कारखान्यातली राख, वेल्डिंगचे जोड तपासायच्या यंत्रातले जुने सोर्स, कुठल्या हॉस्पिटलातल्या रेडियमच्या सुया. हे सगळं ट्रकमध्ये घालून मुंबईकडे पोचवायचं. त्यासाठी अंबरनाथ पूर्वेला पिठाच्या गिरणीवर दोन खोल्यांचं ऑफिस उघडलं. गिरणी सुरू झाली की आमच्या खुर्च्या थरथरायच्या.

फीची पावती फाडायला मी. सही करायला साहेब. आणि देखरेख करायला? भालेराव! ट्रकच्या केबिनमध्ये बसून मालाबरोबर जायचं, माल उतरला की परत यायचं. राज्य सरकारची देखरेख म्हणजे हा एक शिडशिडीत माणूस आणि त्याच्या हातातला लाल कापडाचा झेंडा.

०

गाडी निघण्याआधी तिची तपासणी करायचा नियम होता. त्यासाठी वरून एक मशीनही आलं होतं. किरण असले की टक-टक वाजतं म्हणे. पण त्यात सेल नव्हते. सेल घ्यायला वरची मंजुरी हवी, मंजुरी काही येईना. मशीन कपाटात गेलं, पाहुण्यांच्या कपबशांशेजारी.

मग साहेबांनी स्वतःची पद्धत काढली. ते खाली उतरायचे, टायरला एक लाथ मारायचे, ताडपत्री उचलून आत नाक घालायचे आणि म्हणायचे, "वास येत नाहीये. जाऊ दे!"

एकदा भालेराव हळूच म्हणाला, "साहेब, ह्याला वासच नसतो म्हणतात."

साहेबांचा चेहरा उजळला. "नसतो ना? मग तर झालंच! सही कुठे करू?"

०

आता सोफ्याचा. ट्रक असायचा उल्हासनगरच्या लछूभाईचा. लछूभाई सिंधी, बोलायला गोड, आणि त्याच्या ट्रकमध्ये रिकामी जागा राहिली की त्याला रात्री झोप लागत नसे. एकदा कचऱ्याच्या ड्रमच्या बाजूला त्यानं फर्निचर बाजारातला कोरा सोफासेट चढवला. कुणाच्या तरी मुलीच्या लग्नातला, गुलाबी रेक्झिनचा!

मी म्हटलं, "लछूभाई, अहो यात काय आहे माहीत आहे ना? त्याच्याशेजारी सोफा?"

"अदी, टेन्शन मत लो," लछूभाई म्हणाला. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात, पावती फाडणाऱ्या बाईला तर नक्कीच. "फी गाडीची भरली ना मी? सोफा तो फ्री में बैठा है."

वाटेत जकात नाक्यावर गाडी अडवली. नाकेदारानं ताडपत्री उचलली. भालेरावनं झेंडा दाखवला, कागद पुढे केले. नाकेदारानं ड्रमकडे पाहिलंसुद्धा नाही. "कचऱ्यावर जकात नाही. हे गुलाबी काय आहे?"

सोफ्याचा कागद कुणाकडेच नव्हता. सोफा उतरवून घेतला, नाक्यावर जमा केला आणि ड्रमना सलाम ठोकून पुढे सोडलं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. लछूभाईनं दंड भरून सोफा सोडवला आणि लग्नाला पोचवलाही. त्या सोफ्यावर आज कोण बसत असेल, हा विचार मला अजून अधूनमधून छळतो.

०

बदलापूरच्या बाजूनं येताना एकदा जांभूळ गावाजवळ गाडी बंद पडली. भर दुपार. ड्रायव्हर मेकॅनिक आणायला गेला आणि भालेराव एकटाच राहिला. नियम असा की मालाला सोडून जायचं नाही.

ड्रमवर किरणांच्या धोक्याचं ते तीन पात्यांचं पिवळं चित्र. गावातली माणसं जमली. एका आजोबांनी चित्र नीट न्याहाळलं आणि विचारलं, "पंखं हायेत का रं यात? केवढ्याला दिला एक?"

"पंखे नाहीत बाबा, लांब राहा. वाईट माल आहे."

"वाईट हाये त तू कशापायी बसलास जवल?"

भालेरावनं माणसांना लांब पिटाळलं, पोरांना दटावलं. मग त्याच्या लक्षात आलं की खड्ड्यातल्या धक्क्यांनी सुयांच्या शिशाच्या डब्याचं झाकण सैल झालंय. समोर गावांना पाणी पुरवणाऱ्या टाक्या, आजूबाजूला लोक. त्यानं रुमाल गुंडाळून झाकण हातानं दाबून बसवलं, ते पुन्हा निसटू नये म्हणून संध्याकाळपर्यंत धरून बसला. जेवणाचा डबाही तिथेच खाल्ला, ड्रमवर मांडी घालून.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यानं हे सगळं सांगितलं. साहेब गहिवरले. खुर्चीतून उठून त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात देखरेख!"

०

मॅन्टलच्या कारखान्यातली राख पांढरी शुभ्र असायची, गोणीतून गळायची. ट्रक रिकामा झाला की धुऊन-झाडून द्यायचा, हा लछूभाईचा आग्रह. त्याच्या क्लीनरनं कानावर हात ठेवले. "मेरी अभी शादी हुई है, मैं नहीं छुएगा!" मग झाडणार कोण? देखरेख!

भालेराव झाडायचा. वर एखादी बरी गोणी बाजूला काढून ठेवायचा. काटकसरी माणूस. "ताई, चांगलं गोणपाट आहे, फेकायचं कशाला?" ऑफिसातल्या त्याच्या स्टुलावर तीच गोणी घडी करून घातलेली असायची.

एकदा असाच खेपेवरून आला, डोक्यापासून चपलांपर्यंत पांढरा. साहेबांनी त्याला पाहिलं, ताडकन खिडकीशी गेले आणि खाली गिरणीवाल्याला ओरडले, "अरे, पीठ किती उडवतोस! माझा माणूस बघ काय झालाय!"

०

भालेरावसाठी एक बॅज होता. छातीला लावायचा, आत फिल्मचा तुकडा. माणसाला किती किरण लागले ते त्या फिल्मवर काळं उमटतं. ठरावीक दिवसांनी फिल्म लॅबोरेटरीत पाठवायची, रीडिंग येतं. साहेबांसाठीही एक होता.

साहेब माणूस वाईट नव्हते, पण घाबरट. सरकारी वस्तू हरवली तर जबाबदारी कुणाची? त्यांनी दोन्ही बॅज कपाटात ठेवले, कुलूप लावून. कपबशा, मुकं मशीन आणि बॅज, सगळे सुखानं एकत्र नांदत होते. रीडिंग दर वेळी यायचं शून्य. वरच्या मीटिंगमध्ये साहेबांचं कौतुक झालं. परत आले ते पेढे घेऊनच. "सगळ्या ऑफिसांत आपलंच शून्य सलग आहे!"

पेढा घेताना भालेरावच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. टोकांची सालं निघालेली, नखं काळवंडलेली. चहाचा पेला गरम आहे की गार, हेही त्याला हातानं कळेनासं झालं होतं.

"ताई, साहेबांना सांगा ना," तो मला म्हणाला, "मला आवक-जावकच्या टेबलावर बसवा. गाडीवर नको आता. पोरगी अजून शाळेत आहे माझी."

मी सांगितलं. साहेबांनी नियम दाखवला. गाडीवरची ड्यूटी बदलून हवी असेल तर बॅजवर रीडिंग दिसलं पाहिजे. "आणि बॅज काय म्हणतो? शून्य! मी तरी काय करू?"

मी म्हटलं, "साहेब, बॅज कपाटात आहे. गाडीवर भालेराव जातो."

"मग? कपाट सुरक्षित आहे ना!"

त्या दिवशी मला इतका संताप आला की मी पावतीपुस्तक टेबलावर आपटलं. पेढ्यांचा बॉक्स खाली पडला, तोही भालेरावनंच गोळा केला.

०

शेवटी त्यानं हट्टच धरला आणि बॅज मागून घेतला. खेपांना लावून गेला, झाडताना लावला, जीव की प्राण जपला. फिल्म लॅबोरेटरीत गेली. मी मनात म्हटलं, आता बघू!

फिल्म काळीकुट्ट निघाली. लॅबोरेटरीवाले चक्रावले. इतकी वर्षं शून्य आणि अचानक हे काय? त्यांनी विचारलं, बॅज चुकून उन्हात वगैरे राहिला होता का?

साहेबांनी भालेरावला न विचारता कळवून टाकलं, "होय, उन्हात राहिला." वर भालेरावला मेमो दिला, सरकारी वस्तूची हेळसांड केल्याबद्दल. नवी फिल्म आली ती थेट कपाटात. पुढचं रीडिंग शून्य.

"बघ," साहेब त्याला समजावत म्हणाले, "सावलीत ठेवलं की काही होत नाही."

०

भालेराव साठीपर्यंत पोचला नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. तो कशानं झाला, ते कुणी सांगितलं नाही आणि सांगणारही नव्हतं.

त्याची बायको, शांताबाई, ऑफिसात आली. मीच तिला साहेबांसमोर नेऊन बसवलं. तिला काही भलंमोठं नको होतं. तिचं एवढंच म्हणणं, तुमच्या त्या कचऱ्यापायी माझा माणूस गेला असं एकदा तोंडानं कबूल करा.

साहेबांनी फाइल काढली, चष्मा पुसला. खरंच वाईट वाटत होतं त्यांना, डोळ्यांत पाणी होतं. "वहिनी, मला कळतंय. पण हे बघा, सगळी रीडिंग शून्य. आमच्या रेकॉर्डला भालेराव अगदी ठणठणीत आहे."

शांताबाई उठली. पदर नीट केला.

"मग संध्याकाळी घरी पाठवून द्या त्यांना," ती म्हणाली.

०

आता एक किस्सा राहिला. हा मी मिसळीच्या टेबलावर सांगत नाही, इथेच सांगते.

भालेराव तेव्हा हिंडता-फिरता होता, मेमोचं प्रकरण नुकतंच झालेलं. मंत्रालयातून दोन अधिकारी यायचे होते, आमची देखरेख कशी चालते ते बघायला. ऑफिसात दिवाळी! साहेबांनी लछूभाईकडून एक ट्रक मागवला, धुतलेला, नवा रंग दिलेला आणि पूर्ण रिकामा. कपाटातलं मशीन काढून पुसलं. सेलची मंजुरी अजून आली नव्हतीच, तेव्हा लछूभाईनं आपल्या टॉर्चमधले काढून दिले. "साईं, देश के लिए!"

सेल घातले आणि मशीन खरंच जिवंत झालं. अधिकाऱ्यांनी ते ट्रकभोवती फिरवलं. आवाज नाही. चाकांपाशी, फळ्यांपाशी, केबिनमध्ये, कुठेच काही नाही. त्यांतले मोठे अधिकारी खूश झाले. सगळे वर आले, मशीन टेबलावर ठेवलं, साहेबांनी हाक मारली, "भालेराव, चहा आण."

भालेराव ट्रे घेऊन आत आला. मशीन वाजलं.

टक. टक. तो टेबलाजवळ आला तशी टकटक वाढली. अधिकाऱ्यांनी मशीन उचलून भिंतीकडे धरलं, आवाज कमी झाला. भालेरावकडे वळवलं, पुन्हा सुरू. तो कप ठेवायला वाकला तेव्हा तर ते कढईत फोडणी पडावी तसं तडतडायला लागलं.

मी भालेरावकडे बघितलं. मला वाटलं होतं, तो घाबरेल. पण त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. त्यानं ट्रे खाली ठेवला आणि सोललेले दोन्ही हात मशीनपुढे धरले.

"ताई, बघा! साहेब, आलं बघा! माझं रीडिंग आलं! आता तरी मला टेबल द्याल ना?"

मोठे अधिकारी साहेबांकडे वळले. "अहो, या माणसाला जरा बाहेर उभा करा. मशीन डिस्टर्ब होतंय."

भालेराव हात तसेच धरून क्षणभर उभा राहिला. मग जिना उतरून खाली गेला. गिरणीच्या दारात जाऊन उभा राहिलेला मला खिडकीतून दिसत होता.

मशीन शांत झालं.

साहेबांनी हुश्श केलं आणि चहाचा कप पुढे सरकवला. "हां," ते म्हणाले, "आता बरोबर दाखवतंय."