हितेंद्रचा बेचाळिसावा पत्ता

रोज सकाळी पूजा आटोपली की मी वहीत आधी एकशे आठ वेळा रामनाम लिहिते आणि उरलेल्या जागेत आदल्या दिवसाचं चार ओळींत. त्या वहीत गेली दोन वर्षं आमच्या शेजारच्या हितेंद्र धुरीचं नाव वरचेवर येतं. आज त्याच्याबद्दल सलग लिहायला बसले आहे, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि ती चार ओळींत मावत नाही.

हितेंद्र घोडपदेवला आमच्याच चाळीत जन्मला. आता बावन्न वर्षांचा. गिरगावात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमध्ये कागद कापायच्या मशीनवर त्याची तीस वर्षं गेली. बोलणं बेताचं. त्याची बायको दर्शना म्हणते, "ह्यांना दिवसाचे वीस शब्द रेशनवर मिळतात वहिनी. पंधरा प्रेसमध्येच संपतात."

वडील दगडूआबा. मिल बंद झाल्यावर त्यांचं सगळं बोलणं गावाकडे वळलं, कुडाळच्या बाजूला. दोन वर्षांपूर्वी ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग एकदा दर्शनालाच विचारलं, "तू खंयची गो?" हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. गावच्या शिवेवरची भुतंखेतं मात्र आबांच्या डोक्यात शाबूत होती. म्हणून हितेंद्रने त्या भुताखेतांचा पत्त्यांचा खेळ करायला घेतला.

प्रेसमधून बाद झालेल्या पत्रिकांचा जाड कागद तो आणायचा. वरचा गणपतीचा भाग आधी कापून वेगळा ठेवायचा, विसर्जनाला. उरलेल्याचे पत्ते. संध्याकाळी आबांच्या खाटेशी बसून विचारायचा आणि स्केचपेनने काढायचा.

"बाबा, देवचार कसा असतो?"

"उंच. खांद्यार कांबळा. तेका विडी दी, मगे तो वाट सोडता."

"आणि नाही दिली तर?"

"मगे फिर रातभर थंयच! तुझो मामा फिरलो नाय?"

झाला पत्ता. देवचार, मागणं विडी, बळ सात. विडीचा पत्ता हातात असेल तर द्यायचा, नसेल तर दोन फासे टाकून सातावर दान पाडायचं. एका जुन्या चादरीच्या तुकड्यावर त्याने बंदरापासून घरापर्यंतची वाट रंगवली. वाटेत सात शिवा. दरेक शिवेवर एक पत्ता उघडायचा, आणि जो उभा असेल त्याचं मागणं देऊन किंवा त्याला हरवून घर गाठायचं. खेळ बाजारात वगैरे आणायचा नव्हता त्याला. आबांना आठवतंय तोवर आबांसोबत एकदा पुरा खेळायचा होता, एवढंच.

एक्केचाळीस पत्ते झाले. बेचाळिसावा राखणदाराचा, गावाची शीव राखणाऱ्या देवाचा. त्याच्यावर बळाचा आकडा नाही, कारण त्याला कोणी हरवत नाही. ज्याला तो मिळेल त्याने स्वतःबरोबर वाटेत अडकलेल्या आणखी एकाला घरी न्यायचं. आबांनी तो एकाच संध्याकाळी सांगितला, घोंगडी कुठल्या खांद्यावर, कंदील कुठल्या हातात, सगळं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर मिलच्या मुकादमाचं वर्णन करू लागले.

बेचाळीस पत्ते पुरे झाल्यानंतरचा तो शुक्रवार होता. रविवारी खेळायचं ठरलं होतं. आबांजवळ कोणी हवं म्हणून दुपारी मी बसले. आबा झोपलेले. खाटेखाली चपलांशेजारी एक पत्ता पडला होता. उचलला, तर राखणदार. माझ्या माहेरच्या देवासारखा हुबेहूब. चपलांपाशी! मी तो कपाळाला लावला, दर्शना आल्यावर घरी नेला, देव्हाऱ्यात ठेवून गंध-अक्षता वाहिल्या आणि दिवा लावला.

संध्याकाळी हितेंद्र दारात. "वहिनी, एक पत्ता कमी आहे."

"देव्हाऱ्यात आहे."

"मग द्या."

"दिवा लावलाय रे त्याच्यापुढे. आता पत्त्यांत कसा घालू?"

तो हसला. "वहिनी, मी स्केचपेनने काढलाय तो. वीस रुपयांचं पाकीट."

"मूर्तीसुद्धा कोणीतरी घडवतोच ना?"

त्याचं हसू गेलं. मी म्हटलं, "तू दुसरा काढ ना. तुझ्या हातात कला आहे."

"एका गावाला दोन राखणदार असतात का वहिनी?"

तोही माझ्यासारखाच देव मानणारा. हात घालून पत्ता उचलणं त्याला शक्य होतं, देव्हारा दोन हातांवर होता. पण त्याने उंबरठासुद्धा ओलांडला नाही. मी म्हटलं, "परवा अमावास्या आहे. ती सरू दे. मंगळवारी नैवेद्य दाखवून रीतसर हलवते."

"मंगळवारपर्यंत बाबा..." एवढंच म्हणाला आणि गेला.

रविवारी आबा उठून बसले होते, असं दर्शनाने नंतर सांगितलं. दाढी करून घेतली, दोनदा विचारलं, "खेळ कधी मांडतास?" हितेंद्र म्हणाला, "मंगळवारी, बाबा."

सोमवारी आबांना ताप भरला. मंगळवारी मी नैवेद्य केला, अक्षता टाकून पत्ता हलवला आणि घेऊन गेले, तर घराला कुलूप होतं. आबा सहा दिवस इस्पितळात होते.

घरी आले ते निम्मे होऊन. हितेंद्रने त्याच दिवशी खाटेवर चादरीचा तुकडा पसरला. मलाही पत्ता घेऊन बोलावलं. मी म्हटलं, "मी कशाला? कुठल्या तोंडाने बसू?" तो म्हणाला, "ताप यायचाच होता वहिनी. बसा. चौथा माणूस लागतो." त्याच्या मनात राग नव्हता. माझी चूक नव्हती हे मला मात्र अजून पटलेलं नाही. रविवारी आबा उठून बसले होते.

दर्शनाने फासे टाकले, मी टाकले. आबांचे फासे हितेंद्रने त्यांचा हात धरून टाकवले. तिसऱ्या शिवेवर आबांनी पत्ता उलटला. कोपऱ्यात माझ्या गंधाचा पिवळा डाग. राखणदार.

आबांनी पत्ता डोळ्यांजवळ नेला. "हो कोण?"

दर्शनाने मान फिरवली. हितेंद्र मात्र खाटेवर वर सरकून बसला आणि सांगायला लागला. इतका सलग बोललेला मी त्याला कधी ऐकला नव्हता, तोही मालवणीत. "हो आपलो राखणदार, बाबा. घोंगडी डाव्या खांद्यार, कंदील उजव्या हातात. शिवेर फिरान फिरान तेच्या पायातल्यो वाणो झिजतत, म्हणान वर्साक नवीन जोड ठेवचो लागता. कोण वाट चुकलो तर हो पुढे चलता. मागे वळान बघूचा नाय, उजेड बघून चलाचा."

"मगे?" आबा म्हणाले.

"मगे घर येता."

आबांनी पत्त्यावरून अंगठा फिरवला. "तुका कोणी सांगल्यान ह्या?"

"तुमीच, बाबा."

आबा हसले. कोणी भलतीच थोरवी गळ्यात घातली की माणूस लाजून हसतो, तसे. "माका खंय इतक्या ठावक!"

हितेंद्रने फासे उचलले, आबांच्या तळहातावर ठेवले आणि एकेक करून त्यांची बोटं मिटवून दिली.