अंगणातली भिंगवाली

भिंगवाली दिवसाढवळ्या माझ्या अंगणात पालथी पडायची. शिकलेली, लग्न झालेली बाई, कोपरं मातीत टेकलेली. शेजारी तिची पाच वर्षांची ओवी तशीच पालथी, आणि दोघींच्या मध्ये मुंग्यांची रांग. देवळाली प्रवरेतल्या माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्या त्यांना भाड्यानं दिल्या होत्या. नवरा साखर कारखान्यात होता. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईला चक्कर आली. मी तांब्या घेऊन धावले. ती मान न उचलता म्हणाली, "आजी, जरा बाजूला व्हा ना, सावली पडतीये."

गळ्यात काळ्या दोऱ्याला भिंग असायचं. मंगळसूत्र एखाद्या दिवशी विसरायची, भिंग नाही. ओवीला शाळेत घातलं नव्हतं, तीच घरी शिकवायची. सासऱ्यानं मात्र बजावलं होतं: पोर सहाची झाली की मी येऊन बघणार, मग ठरवू.

शिकवायची म्हणजे काय, तर उत्तर सांगायची नाही. गांडुळाला दिसतं का? "आपण बघू." मटकीला मोड कुठून फुटतो? "आपण बघू." मग ओल्या फडक्यात मटकी बांधायची आणि रोज सकाळी दोघींनी भिंगातून बघत बसायचं.

"अगं, माझा जन्म उसळी करण्यात गेला," मी म्हणाले. "मला इचार की."

"तुम्ही सांगितलंत तर तिचं बघायचं राहील, आजी."

मला रागच आला.

माझी कोंबडी खुडूक बसली, तिच्याखाली मी अंडी ठेवली. काही दिवसांनी भिंगवालीनं त्यातलं एक मागितलं. भर दुपारी कोठीचं दार लावून तिनं अंड्याला मोबाईलचा दिवा लावला. अंडं तांबूस पेटलं. आत जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा, आणि मध्ये एक ठिपका उडत होता. ओवीनं हात स्वतःच्या छातीवर ठेवला. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला, तो पाण्याखालून गेल्यासारखा वाटला. जन्मभर मी अंडी उन्हाला धरली ती चांगलं का नासकं एवढ्यापुरती. दार उघडलं तेव्हा क्षणभर मला माझंच अंगण ओळखू येईना.

ओवी सहाची झाली आणि श्रीरामपूरहून सासरा आला. त्यानं पेपर पुढं केला. ओवीनं दोन ओळी अडखळत वाचल्या आणि मग अंड्याचंच सांगत सुटली. त्यानं सगळं ऐकून घेतलं नि माझ्याकडं वळला.

"आजी, तुमी रोज बघता. खरं सांगा, पोरगी शिकती का नुसती खेळती?"

भिंगवाली माझ्या तोंडाकडं बघत होती.

"शिकती," मी म्हणाले. "लई शिकती." तिचा चेहरा उजळला. "पन शाळेत घाला."

"आजी!"

"आजी-बिजी काय? मला चौथीतनं काढली तवा माझा बाप बी म्हनला हुता, घरीच शिकंल. शिकले. भाकऱ्या थापायला."

"मी तसं करत नाहीये."

"तू न्हाई करत. पन तिचं नाव शाळेत असू दे. मुंग्या काय, दुपारच्यालाबी असत्यात."

सासरा हसला आणि ठरून गेलं. ओवीला श्रीरामपूरच्या शाळेत घालायचं, मायलेकींनी तिथंच सासऱ्याकडं राहायचं, नवऱ्यानं कारखान्यात बसनं ये-जा करायची. आठवडाभर भिंगवाली माझ्याशी बोलली नाही. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. तिला ओवीबरोबर आणखी एक पावसाळा हवा होता, एवढं मला कळत होतं.

निघायच्या सकाळी उसावर धुकं होतं. ती पाया पडली. "तुमचा राग आलाय. अजून गेला नाही."

"असू दे," मी म्हणाले.

ओवी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली. मांडीवर बरणी, बरणीत लिंबोणीची डहाळी आणि डहाळीला चिकटलेला सुरवंटाचा हिरवा कोश. शाळेत पहिल्या दिवशी दाखवायला घेतला होता.

"काका, हळू चालवा," ती म्हणाली. "आत कुणीतरी झोपलंय."

ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं.

"व्हय रे बाबा," मी म्हणाले, "हळूच ने."

टेम्पो पाटाच्या रस्त्यानं असा गेला, की सायकलवर दूध घेऊन निघालेला माणूस त्याला मागं टाकून पुढं गेला.